चिखलाने माखलेली कोंबडी धुवावी का? माझा अनुभव

मुंबईत परसात कोंबड्या पाळणारे आता मोजकेच उरलेत, पण गावठाणांत अजून आहोत. बोरिवलीत आमचं बैठं घर आहे, मागे दोन नारळ, एक शेवगा आणि कोंबड्या. गल्लीत काँक्रीट झाल्यापासून रस्ता वर आणि परस खाली. त्यामुळे मोठी सर आली की पाणी आमच्याकडे मुक्कामालाच येतं, आणि जुलैत मागे नुसता राडा.

गावठी कोंबड्या हुशार, पाऊस लागला की कट्ट्यावर चढून बसतात. काळ्याकुट्ट कडकनाथवर चिखल असला तरी कुणाला दिसतोय! दैना होते ती आमच्या पांढऱ्या कोंबडीची. अंगाने जड, उडी बेताची, आणि गांडुळं शोधायची हौस दांडगी. पोटाखालची पिसं चिखलाने चिकटून दोरखंडासारखी लोंबायला लागली, तेव्हा मी बादली घेऊन उभी राहिले. शेजारच्या मावशींनी कुंपणावरून पाहिलं. ‘‘अगं, कोंबडीला कोण आंघोळ घालतं? अंडी उबवायला खुडूक बसली तर पाण्यात बुचकळायची, तेवढंच.’’

बुचकळण्याचा तो प्रकार मला पटत नाही, पण आंघोळीबद्दल मावशींचं बहुतांशी बरोबर आहे. कोंबडी मातीनेच आंघोळ करते. कोरड्या मातीत खळगा करून लोळायचं, पिसांत धूळ भरून घ्यायची आणि मग अंग झाडायचं. त्यात जादा तेल, घाण निघते आणि उवाही आटोक्यात राहतात. शिवाय शेपटीच्या मुळाशी तिची तेलाची गाठ असते. चोचीने ते तेल घेऊन ती पिसांना लावते, म्हणून हलक्या सरीचं पाणी वरून ओघळून जातं. साबण लावला की हेच तेल जातं आणि पुढचे काही दिवस ती पावसात पटकन भिजते. ऐन पावसाळ्यात हा व्यवहार तोट्याचा. म्हणून पाठीवर, पंखांवर चिखल असेल तर मी हातही लावत नाही. कोरड्या जागी ठेवलं की वाळून त्याचे पोपडे पडतात, उरलेलं ती चोचीने काढते.

धुते ते दोनच कारणांनी. एक, ढुंगणाशी चिखल आणि शीट एकत्र चिकटून गोळा झाला असेल तर. तिथे पावसाळ्यात हिरव्या माश्या अंडी घालतात, आणि एका दिवसातसुद्धा अळ्या पडू शकतात. अळ्या मांसात शिरल्या तर कोंबडी हातची जाते, त्यामुळे इथे वाट बघायची नाही. दुसरं, नखांवर चिखलाचे घट्ट गोळे बसून चालता येत नसेल तर. पिल्लांना मात्र पाणी लावतच नाही, त्यांना गारठा सहन होत नाही.

पांढरीला धुतलं ते दुपारी, उघडीप बघून. पाणी कोपर बुडवून बघितलं, चांगलं कोमट. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं, नळाचं पाणी तिला थंडगार लागतं. टबात पाणी तिच्या छातीपर्यंतच. दोन्ही पंख अंगाशी धरून हळूच खाली बसवलं. आधी पाय झाडले, मग उबेने अशी सैलावली की डोळेच मिटले. इथे हात सोडायचा नाही. मान पाण्यात कलली तर नाका-चोचीत पाणी जातं, डोकं कायम बाहेर आणि कोरडं. पाण्याचा रंग लगेच चहासारखा झाला, आणि टबातलं पाणी बदलावं लागलं.

नखांवरचे गोळे ओढायचे नाहीत. ओढले की नखाचं वरचं कवच निघून येतं आणि रक्त येतं. भिजू द्यायचे, मग अंगठ्याने चोळायचे, माती आपोआप सुटते. ढुंगणाजवळची पिसं बोटांनी वरून खाली मोकळी केली. जिथे सुटेना तिथे बेबी शॅम्पूचा थेंब, आणि बोथट टोकाच्या कात्रीने थोडी पिसं छाटली. नंतर साध्या कोमट पाण्याने दोनदा धुतलं, कारण साबण राहिला तर ती तो चोचीने खाणार. पिसं बाजूला करून कातडीही बघून घेतली. पिसांच्या बुडाशी पांढुरके पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. शीट पातळ किंवा रक्ताची असेल तर आंघोळीने काही होत नाही. ओल्या जमिनीत कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग फोफावतो, डॉक्टरकडेच न्यायला हवं.

हे सगळं मोरीतसुद्धा नाही, परसातच. स्वयंपाकाच्या सिंकमध्ये तर मुळीच नको. कोंबड्यांच्या शिटेत साल्मोनेला हा माणसाला जुलाब करणारा जंतू असू शकतो. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. मुंबईच्या पावसातल्या चिखलात घुशी-उंदरांचं मूत असतं आणि पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचं भय. खुराड्यात सांडलेलं खाद्य उंदरांना बोलावतंच.

सगळ्यात वेळखाऊ काम वाळवण्याचं. इथल्या दमट हवेत पंचाने टिपलेली कोंबडी वरून वाळल्यासारखी दिसते, पण आतली मऊ पिसं अंगाला ओली चिकटलेली असतात. हेअर ड्रायर सगळ्यात मंद उष्णतेवर, हातभर लांबून, पिसं उलटी करत. मधे मधे बोट आत घालून कातडी गार लागतेय का बघायचं. ती रात्र पांढरी घरातच, खोक्यात वर्तमानपत्रावर झोपली. घरातल्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही.

एवढा खटाटोप परत नको, म्हणून मग परसाकडे वळले. खुराडं पेव्हर ब्लॉकवर उचललं, पुढच्या जागेत खडी टाकून वर सुताराकडचा रंध्याचा जाड भुसा पसरला. बारीक भुसा नको, तो डोळ्यांत, श्वासात जातो. त्यावर निळी ताडपत्री बांधली, उताराची, नाहीतर मधे पाण्याचा फुगा होतो. ताडपत्रीखाली जुना टायर, त्यात चाळलेली कोरडी माती, थोडी रेती आणि राख. माती मे महिन्यातच पिंपात भरून झाकण लावून ठेवायची. जूननंतर मुंबईत कोरडी माती कुठून आणणार?

राख मात्र बघून घ्यावी लागते. कोपऱ्यावरची बेकरी फुकट देते, पण भट्टीत बऱ्याचदा मोडक्या फर्निचरचं रंगवलेलं लाकूड जातं, ती राख कोंबड्यांच्या अंगाला नको. मावशींकडे अजून पाण्याचा बंब आहे, त्यात झावळ्या आणि नारळाची सोडणं जळतात. ती चांगली. फक्त ती भिजू द्यायची नाही, ओली राख कातडी जाळते. मावशी डबाभर राखेला दोन अंडी घेतात, गावठीचीच.