स्पीड शंभर, पण बँकेची साइट उघडेना : माझा अनुभव

"स्पीड बरोबर येतोय ना मॅडम, मग नेट ओके आहे," हे वाक्य कस्टमर केअरकडून इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही आठवलं तरी डोकं तापतं. नेट ओके नव्हतं. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आमच्या घरात व्हिडिओ चालत होते, व्हॉट्सॲप चालत होतं; अडत होतं ते नेमकं माझं काम. मी घरून काही दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघते. बँकेचं पान अर्धवट येऊन गोल गोल फिरत राहायचं. पीडीएफ जोडलेली मेल जायचीच नाही. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की सगळं लगेच उघडायचं. त्यात रिटर्नची २० तारीख जवळ आलेली. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, उशिरा गेलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती भरणार दुकानदार.

हे सुरू झालं ते नेटच्या कंपनीने आमच्या विंगची जोडणी बदलल्यावर. आधी राउटरला नेटवरचा पत्ता (आयपी) आपोआप मिळायचा. आता पीपीपीओई, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून लॉगिन. कंपनीचा एक मुलगा आला, घाईघाईत सेटिंग केलं, मोबाइलवर शंभरचा आकडा दाखवला आणि पुढच्या घरी गेला.

नेहमीच्या गोष्टी मी तपासल्या होत्या. फायबरच्या डबीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा नव्हता. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत नव्हता (तसा दिसला तर समजा, राउटरने पत्ता दिलेलाच नाही). ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (पोचतंय का बघायचा छोटा संदेश) जात होतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ केला, फरक शून्य. वायफाय सोडून केबल लावली, तरी तेच.

मग फोन. राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. केलं. स्पीड टेस्ट करा. केला. "ओके आहे मॅडम." बँकेची साइट उघडत नाही म्हटलं, तर "ती बँकेकडून समस्या आहे." हॉटस्पॉटवर उघडते म्हटलं, तर "मग ब्राउझर बदला." ब्राउझरही बदलला. माणूस पाठवतो म्हणाले, आणि माणूस यायच्या आधीच 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला. पुन्हा फोन केला की समोर नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून तीस सेकंद. एकदा तर मला लॅपटॉप फॉरमॅट करायला सांगितलं! हिशेबाचा सगळा डेटा असलेला लॅपटॉप, आणि तोही दुसऱ्या नेटवर व्यवस्थित चालणारा. घरात बसून काम करणाऱ्या बाईचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग, असा सूर त्यांच्या बोलण्यात होता, आणि त्याचा राग मला बंद पडलेल्या नेटपेक्षा जास्त आला. शेवटी एक मुलगा आला खरा. त्यानेही दारातच मोबाइल काढून स्पीड टेस्ट लावला. मी त्याला लॅपटॉपसमोर बसवून बँकेचं पान उघडायला लावलं. ते फिरत राहिलं. "वरून काहीतरी असेल," म्हणाला आणि गेला.

सुटका केली माझ्या भाच्याने. तो महापेला नेटवर्कचंच काम करतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, काही साइट चालतात, काही लटकतात ना? मग स्पीड सोड, एमटीयू बघ."

एमटीयू म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार. साधारणपणे तो १५०० बाइट असतो. पीपीपीओई स्वतःच्या मजकुरासाठी त्यातले ८ बाइट घेतं, म्हणजे उरतात १४९२. आमच्या राउटरमध्ये तिथे १५००च ठेवलेलं होतं. लिफ्टमध्ये न मावणारं कपाट जसं तळमजल्यावरच अडतं, तशी मोठी पाकिटं वाटेत अडत होती. अशा वेळी 'आकार कमी करा' असा निरोप पाठवणाऱ्याकडे परत जायला हवा. पण काही ठिकाणी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी प्रोग्राम, तो निरोपच अडवते. मग ती साइट तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसते. व्हॉट्सॲपचे छोटे मेसेज म्हणूनच सुखरूप पोचत होते. आणि जिथे तो निरोप पोचतो, तिथे पूर्ण स्पीड मिळतो. स्पीड टेस्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

तपासायचं असं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, त्यापुढे वजाचं चिन्ह लावून एफ, तसंच एल, मग १४७२ आणि शेवटी १.१.१.१. यात पाकिटाच्या वेष्टणाचे (हेडरचे) २८ बाइट वरून धरायचे, म्हणजे १५०० होतात. मला उत्तर आलं नाही. १४६४ टाकलं, उत्तर आलं. १४६४ अधिक २८, बरोबर १४९२. हिशेबनीस बाईला आणखी कोणता पुरावा हवा!

राउटरच्या पानावर गेले (पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) सेटिंगमध्ये १५०० खोडून १४९२ केलं, सेव्ह केलं. राउटर चालू झाला आणि बँकेचं पान उघडलं. अडकलेल्या मेल एकामागून एक गेल्या. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ३बी वेळेत भरलं. नंतर शेजारच्या फ्लॅटमध्येही हेच चाललं होतं, तिथे जाऊन मीच आकडा बदलून दिला.

तक्रार करताना डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार न सोडवता बंद केली, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मला हे आधी माहीत असतं तर दुसऱ्याच फोनला अपील केलं असतं.

आणि हो, राउटरच्या मागचं रीसेटचं बारीक बटण कुणाच्याही सांगण्यावरून दाबू नका. त्याने पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड पुसला जातो आणि तो मिळवायला पुन्हा त्याच नंबरवर फोन करावा लागतो. आधी तो लिहून घ्या, वॅनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, मगच पुढे जा.