बोरोमीरपाशी थांबलो तेव्हा

नवतपा लागला की आमच्या नागपुरात दुपारचं एकच काम उरतं, पडदे ओढून कूलरसमोर पडायचं. यंदा सुट्ट्यांसाठी अमरावतीहून भाचा आला होता, अकरा वर्षांचा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमाचे तिन्ही भाग दाखवायचं मी त्याला कबूल केलं होतं, तेही जादा दृश्यं घालून लांबवलेले. थिएटरमध्ये पहिला भाग 178 मिनिटांचा होता, हा 208 मिनिटांचा. पन्ह्याचा तांब्या जवळ घेऊन बसलो.

कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून सबटायटल लावली. ती वाचायला त्याला वेळ लागायचा आणि दर दोन-तीन मिनिटांनी तो म्हणायचा, “मावशी, थांबव ना, वाचून राहिलो.” मी थांबवायची. तो वाचत असताना मी पडद्यावरचं चित्र बघत बसायची. इतक्या वर्षांत हा सिनेमा असा थांबत थांबत मी कधी पाहिलाच नव्हता.

जादूची घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या टोळीतला बोरोमीर माझ्यासाठी कायम दगाबाज होता. त्याला कारण आहे. कॉलेजात असताना आतेभावाने धरमपेठेतल्या एका लायब्ररीतून पहिल्या भागाच्या तीन सीडी भाड्याने आणल्या होत्या. तिसरी ओरखड्यांनी भरलेली. बोरोमीर फ्रोडोच्या अंगावर धावून जातो, अंगठी हिसकायला बघतो, फ्रोडो अदृश्य होतो, आणि बोरोमीर पाचोळ्यात पालथा पडतो. तिथेच ती अडकली. पुसली, फुंकली, दुसऱ्याच्या प्लेअरवर लावून पाहिली, पुढे सरकेना. वर्षभर माझ्यापुरता बोरोमीर तिथेच पडून होता.

नंतर पुस्तक वाचलं. मूळ लेखक टॉल्किनने त्याचं मरण पहिल्या खंडात ठेवलेलंच नाही, ते ‘टू टॉवर्स’च्या पहिल्या प्रकरणात येतं. लढाई तर आपल्याला दिसतच नाही. त्यांच्याच टोळीतल्या अ‍ॅरागॉर्नला बोरोमीरच्या शिंगाचा आवाज येतो, तो धावत जातो, तर बोरोमीर झाडाला टेकून बसलेला, अंगात काळ्या पिसांचे कितीतरी बाण, शेजारी दुभंगलेलं शिंग. दोन-चार वाक्यं बोलतो आणि संपतो. मी भराभर पानं उलटून पुढे गेले, कारण मला फ्रोडोचं काय झालं ते हवं होतं.

पुस्तकाच्या प्रेमापोटी दिग्दर्शक पीटर जॅक्सनवर माझा बराच राग होता. टॉम बॉम्बाडिल हे पात्रच गाळलं, नदीच्या उतारावर ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन आणली. पण या दुपारी थांबत थांबत पाहताना कळलं की बोरोमीरला त्याने केवढं दिलंय! बर्फाळ डोंगरावर फ्रोडो घसरतो, साखळीतली अंगठी बर्फात पडते, बोरोमीर ती उचलतो आणि बघतच राहतो. मग भानावर येऊन परत देतो, हसून फ्रोडोचे केस विस्कटतो. त्यानंतर कॅमेरा खाली जातो आणि अ‍ॅरागॉर्नचा हात तलवारीच्या मुठीवरून सुटताना दिसतो. भाच्याने नेमकं तिथे थांबवायला लावलं. तो हात किती वेळ मुठीवर होता, हा विचार मी आधी केलाच नव्हता.

हाच माणूस फ्रोडोच्या दोस्तांना, मेरी-पिपिनला, तलवार शिकवताना त्यांच्याखाली हसत लोळतो. टोळीतला जादूगार गँडाल्फ दरीत पडल्यावर अ‍ॅरागॉर्न सगळ्यांना उठवायला लागतो, तेव्हा त्या रडणाऱ्या पोरांना जरा वेळ द्या, असं म्हणणारा बोरोमीरच असतो. अंगठीचा मोह त्याला पडला तोही स्वतःच्या शहरापायी. दुसऱ्या लांबवलेल्या भागात दिसतं की ही टोळी जिथून निघाली त्या रिव्हेंडेलला त्याला बापानेच पाठवलं होतं, अंगठी आणायला.

शेवट आला. पहिला बाण. तो थबकतो, पुन्हा तलवार चालवतो. दुसरा बाण. गुडघ्यावर येतो, मेरी-पिपिनकडे बघतो, उठतो. तिसऱ्या बाणाला भाच्याने उशी तोंडावर घेतली. बोरोमीर झालेल्या शॉन बीनचा श्वास तेवढा ऐकू यावा म्हणून मी कूलर बंद केला. घामाने भिजलो, पण दोघंही हललो नाही. टॉल्किनने शिंगाच्या आवाजामागे ठेवलेली ती लढाई जॅक्सनने पुढे आणली आणि पहिल्या सिनेमाचा शेवट तिच्यावर उभा केला. मला आता हे पुस्तकाइतकंच खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ‘टू टॉवर्स’ लावला. अर्ध्या तासातच भाचा उठून टीव्हीपाशी गेला. “मावशी, याच्या मनगटावर पाहा. ते त्या बोरोमीरचं आहे ना?”

होतं. बोरोमीरच्या गोंडोर राज्याचं पांढरं झाड कोरलेले ते चामडी मनगटपट्टे अ‍ॅरागॉर्न पहिल्या भागाच्या शेवटी स्वतःच्या हाताला बांधून घेतो. मला ठाऊक होतं, पण मी त्याला सांगितलं नव्हतं.

मग फॅरामीर आला. हा बोरोमीरचा भाऊ, हे कळल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. “मग ते पट्टे याला द्यायला पाहिजे ना?” त्याने विचारलं.

तेवढ्यात लाईन गेली. अंधारात पन्हं पीत बसलो. लाईन आल्यावर पुढचं पाहिलं, आणि काल तिसरा भाग सुरू केला. अ‍ॅरागॉर्न पडद्यावर आला की भाचा आधी त्याची मनगटं बघतो.