घरच्या नॅसवर सिनेमा का अडकतो: माझा अनुभव

ठाण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. राउटर दाराशी, फोर-के टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइल्स ठेवायचा छोटा कॉम्प्युटर) बेडरूममधल्या कपाटावर आणि मधे आरसीसीची भिंत. पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय या भिंतीपलीकडे जेमतेम पोचतं. म्हणून आधी केबल, मग बाकी सगळं.

बिल्डरने टाकलेल्या टीव्हीच्या पाइपात जुनी डिशची केबल होती. तिच्याच टोकाला नवी कॅट-सिक्स (नेटवर्कची केबल) बांधून ओढून घेतली. साधारण १५ मीटर लागली. केबल शुद्ध तांब्याची आहे ना, हे खरवडल्यावर तारेचा रंग बघून ठरवा. स्वस्तातल्या केबलमध्ये अॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो आणि वळणावर तार तुटते. २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपातून ही केबल अजिबात नेऊ नका.

वायरमनने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या. तेवढ्यावरही इंटरनेट चालतं, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. पण गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही तारा लागतात; चारवर लिंक १०० एमबीपीएसवरच थांबते. ओळखायची खूण सोपी: मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकला तर दोष केबलचा, ११० च्या जवळ गेला तर ठीक. दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप केली, म्हणजे तारा या क्रमाने प्लगमध्ये दाबून बसवल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

पुढची गंमत टीव्हीची. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. फोर-के ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल धावपळीच्या दृश्यात त्याच्याही वर उसळते आणि चित्र थांबतं. म्हणून राउटरच हॉलमध्ये टीव्हीजवळ आणला, नॅस केबलने राउटरला जोडलं आणि टीव्ही पाच गिगाहर्ट्‌झवर ठेवला. उलटं वाटतं, पण इथे वायफाय केबलपेक्षा वेगवान ठरतं.

यंत्र: इंटेल एन१०० चा बोर्ड, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) जेलीफिन, म्हणजे टीव्हीला सिनेमे पाठवणारा सर्व्हर. डिस्क घ्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर मॉडेल नंबर पाहून ती सीएमआर (माहितीचे ट्रॅक शेजारी-शेजारी ठेवणारी) आहे का, एवढं आधी तपासा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवलेले सिनेमे वाजवायला त्या चालतात, पण मिररमधली (एकच माहिती दोन्हींवर ठेवणाऱ्या जोडीतली) डिस्क बदलायची वेळ आली की दिवसच्या दिवस खातात. सीगेटची आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस घेतली की ही काळजी मिटते. आणि ४ टीबीची डिस्क ३.६ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो १००० आणि १०२४ मधला फरक आहे.

जेलीफिनमध्ये दोन गोष्टींवर वेळ गेला. एक, फोल्डर रिकामे दिसणं. फाइल्स एका युजरच्या नावावर आणि कंटेनर दुसऱ्याच्या, असं झालं की वाचायची परवानगीच नसते; दोन्हीकडचा युजर आयडी जुळवा. दुसरी, प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाणं. कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस दिलं नसेल तर क्विक सिंक (इंटेलच्या चिपमधली व्हिडिओ बदलायची सोय) वापरलंच जात नाही. ते दिल्यावरही एखादी फाइल अडखळली तर सबटायटल बघा. ब्लू-रेची सबटायटल चित्राच्या रूपात असतात. टीव्हीला ती झेपली नाहीत तर सर्व्हरला ती चित्रावर चिकटवून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. एसआरटी (साध्या मजकुराची) सबटायटल वापरा, मराठी असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीत साठवा, नाहीतर अक्षरांचा काला होतो.

वीज थोडी लागते: सरासरी २० वॅट धरले तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत. पण पावसाळ्यात दिवे जातात-येतात, त्यामुळे यूपीएस हवाच, आणि तोही यूएसबीने नॅसला ‘वीज गेली’ असं कळवणारा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून बंद होतं. नॅस बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात डिस्क ४५ अंशांच्या वर जाऊ लागल्या की पंखा वाढवायचा.

मिररला बॅकअप समजू नका. गणपतीचे व्हिडिओ चुकून डिलीट केले तर दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जातात. तिसरी, बाहेरची डिस्क महिन्यातून एकदा जोडून कॉपी घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची.

घराबाहेरून बघायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राउटरमधून नॅसपर्यंत वाट उघडण्याच्या) नादी लागण्याआधी राउटरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने त्याला दिलेला पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता) आहे आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. टेलस्केल (आपल्याच उपकरणांमध्ये खासगी नेटवर्क जोडणारं ॲप) टाकलं, काम झालं.