माळकरी काका आणि डिम सिम

मेलबर्नमधल्या एका फिश अँड चिप्सच्या दुकानात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी तळणीवर उभा असतो. डिम सिम तळणं ही माझी खास जबाबदारी. गोठलेले वीस एकदम सोडले की चरबी गार पडते, आवरण तांबूस दिसतं आणि आत कोबी बर्फासारखा राहतो. म्हणून रांग कितीही असो, मी आठाच्या वर सोडत नाही.

डिम सिम म्हणजे सिऊ माय या वाफवलेल्या चिनी मोमोचा इथे वाढलेला दांडगा भाऊ. जाड आवरण, आत खिमा आणि भरपूर कोबी. विल्यम चेन विंग यंग यांनी १९४५ मध्ये मेलबर्नमधल्या कारखान्यात ते करायला घेतले. जाड आवरणामुळे ते गोठवून कुठेही नेता येतात, कढत चरबीतही फुटत नाहीत. गोऱ्यांखेरीज कुणी या देशात येऊ नये असं सरकारी धोरण होतं, त्या काळात चिनी हातांनी हा खाऊ फुटबॉलच्या मैदानापर्यंत पोचवला. मला त्याचं फार कौतुक आहे.

त्या शुक्रवारी नेहमीचे काका नातवाला घेऊन आले. दर आठवड्याला चिप्स न्यायचे. गळ्यात तुळशीची माळ. ती मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, पण ओळख दिली नव्हती.

माझ्या शर्टावरचं नाव वाचून ते म्हणाले, "मराठी का रे तू? मग सांग बाळा, हा भाजीचा मोमो मला चालेल ना?"

फलकावर 'व्हेजिटेबल डिम सिम' लिहिलेलं. आत भाजीच असते. तळतो मात्र गाईच्या चरबीत, त्याच कढईत. विचारलं तरच सांगायचं, हा मालकांचा नियम. मला तो कधीच पटला नाही.

"तळलेला नको, काका. मी वाफवून देतो."

वाफेचं भांडं घासलं, पाणी बदललं, मोदकाखाली हळदीचं पान घालतो तशी खाली लेट्यूसची पानं घातली. पंधरा मिनिटं रांग खोळंबली. मालक सगळ्यांसमोर ओरडले. पिशवीचा कोपरा फाडून मी आत सोया सॉस ओतत होतो, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "आणि चिप्स?"

मी खरं सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. पैसे मोजून ठेवले, पिशवी घेतली, नातवाचा हात धरला आणि गेले. चार महिने मी त्यांना स्वतःच्या हातांनी चिप्स बांधून दिले होते.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आले. नातवासाठी चिप्स घेतले आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी भांडं घासून तयार ठेवलं होतं.