सात पेटला की सोळाही पेटतो

कॉलेजच्या पोरांची मागणी एका ओळीची होती: "दादा, चोवीस दिवे आहेत, स्वस्तातला कन्सोल सुचवा." भांडीबाजारातून भाड्याने आणलेल्या चोवीस पितळी कळशा, जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं अंधारं माजघर, जीआय पाइपला टांगलेली रांग. प्रत्येक कळशीत एक दिवा आणि दिव्यांची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकायची. प्रदर्शन सहा दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ. कंट्रोलसाठी खिशात चार हजार.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी येतो तो १९२ चॅनेलचा डीएमएक्स कन्सोल. डीएमएक्स म्हणजे कुठल्या दिव्याने किती उजेड द्यायचा ते आकड्यात सांगणारा सिग्नल, आणि कन्सोल म्हणजे तो पाठवणारी बटणांची पेटी. बारा फिक्स्चर (दिव्यांचे संच), प्रत्येकी सोळा चॅनेल, २४० सीन (साठवलेल्या प्रकाशयोजना), सहा चेस (सीन एकामागून एक चालवणाऱ्या मालिका). वस्तू वाईट नाही. गॅदरिंगला, ऑर्केस्ट्राला, जिथे समोर माणूस बसलेला असतो तिथे पैसे वसूल. पण मी विचारलं, "लाईट गेली आणि आली, तर बटण कोण दाबणार?" हा कन्सोल चालू होतो तो ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे बंद. आधी ब्लॅकआउट काढा, मग चेस निवडा, मग ऑटो. पोरं लेक्चरला आणि वाड्यात फक्त वॉचमन. शिवाय कन्सोल घेतला तरी १२ व्होल्टचे दिवे चालवायला डीएमएक्स वाचून दिवे कमी-जास्त करणारा चोवीस चॅनेलचा डीकोडर वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे बजेट तिथेच संपलं.

लॅपटॉप, दिवे चालवणारं क्यूएलसी प्लस हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि यूएसबी-डीएमएक्स डोंगल हा दुसरा पर्याय. रंगीत तालमीला झकास. पण सहा दिवस लॅपटॉप वाड्यात सोडणार कोण? त्यात स्वस्त डोंगलमध्ये सिग्नलचं टायमिंग लॅपटॉपच सांभाळतो. तो दुसऱ्या कामात अडकला की दिवे थरथरतात.

घरच्या विजेवरचे दिवे मंद करणारा २३० व्होल्टचा डिमर पॅक मी बोलण्यातूनच काढून टाकला. पितळी भांडं, लोखंडी पाइप आणि हात लावून बघणारे प्रेक्षक. नकोच.

शेवटी डबा असा ठरला: एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), दिव्यांचा उजेड ठरवणारे पीसीए ९६८५ चे दोन बोर्ड, त्यांच्या हुकमावर दिवे चालू-बंद करणाऱ्या यूएलएन २८०३ च्या तीन चिपा, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्यावरून नॅनोला पाच व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर आणि स्क्रू टर्मिनल. वायर आणि दिवे सोडून दोन हजारांच्या आत. पोरांना नॅनोऐवजी ईएसपी ३२ हा बोर्ड हवा होता, "वायफाय येतं" म्हणून. वायफायवरून करायचं काय होतं? काहीच नाही. नॅनो वीज आली की क्षणभरात प्रोग्रॅम सुरू करतो, इथे तेवढंच हवं होतं.

पीसीए ९६८५ घ्यायचं कारण मात्र नीट सांगतो. डीएमएक्सचा एक चॅनेल म्हणजे ० ते २५५. दहा सेकंदांत दिवा शून्यावरून वर न्यायचा आणि डोळ्याला चढण एकसारखी वाटायला २.२ चा गॅमा, म्हणजे सुरुवातीला सावकाश चढणारा हिशोब, लावायचा, तर पहिली पायरी यायलाच पाऊण सेकंद लागतो. मग एकवरून दोन, म्हणजे उजेड एकदम दुप्पट. स्टेजवर हे कुणाला कळत नाही. अंधाऱ्या माजघरात पितळेच्या पोटात तो झटका लख्ख दिसतो, कळशीला उचकी लागल्यासारखा. पीसीएमध्ये ४०९६ पायऱ्या आहेत, त्यामुळे तळातली पायरी सोळापट बारीक होते. एका बोर्डवर सोळा आउटपुट, म्हणून दोन बोर्ड. दुसऱ्यावर एझिरोचा जंपर झाळायचा म्हणजे पत्ता हेक्समध्ये ४० चा ४१ होतो. दिवा मंद करायला तो झपाझप चालू-बंद होतो, त्याची फ्रिक्वेन्सी १००० हर्ट्झ ठेवली, कारण कमी ठेवली की मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे येतात.

दिव्यांत पोरं आधीच फसली होती. त्यांनी १२ व्होल्टचे एमआर १६ जातीचे छोटे स्पॉट दिवे आणले होते. त्यांच्या पोटात ड्रायव्हर असतो. डिम केलं की तो गोंधळतो, एकतर लुकलुकतो नाहीतर मध्येच बंद. त्याऐवजी साइनबोर्डवाले वापरतात ते तीन एलईडीचे वॉर्म व्हाइट मॉड्यूल घेतले, १.२ वॅटचे. आत फक्त रेझिस्टर, त्यामुळे हवे तसे मंद होतात. एकाला ०.१ अँपिअर, चोवीसांना २.४, एसएमपीएस निम्म्यावर चालतो. यूएलएनच्या एका चिपवर आठ दिवे म्हणजे ०.८ अँपिअर, चिप कोमट होते, तापत नाही. तीन वॅटचे दिवे असते तर मात्र हीच चिप पोळली असती, तिथे जास्त करंट पेलणारे मॉसफेटच लागतात.

जोडणीत नेहमीची चूक झालीच. यूएलएनचा ग्राउंड आणि एसएमपीएसचा मायनस एक केलेला नव्हता, सगळं ढिम्म. एक वायर टाकली, लाट सुरू. चोवीस दिवे, प्रत्येकात पंधरा अंशांचा फरक, वीस सेकंदांची फेरी. प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारा डिले कुठेही नाही, सगळं मिलीजवर, म्हणजे नॅनोच्या घड्याळावर.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी फोन आला. "दादा, सात पेटला की सोळाही पेटतो."

पोरं दोन तास कोड वाचत बसली होती. कोडमध्ये काही नव्हतं. सात नंबर पहिल्या यूएलएनवर, सोळा दुसऱ्यावर, म्हणजे झाळताना शेजारच्या दोन पिना चिकटल्या असाव्यात हेही जमेना. डबा उघडला आणि सोळाची मायनस वायर टर्मिनलमधून सरळ काढून घेतली. तरीही सातबरोबर सोळा पेटलाच. म्हणजे डब्याचा दोष नाही, दोष बाहेर.

मेन बंद केला, मल्टिमीटर बीपवर टाकला. एक टोक पाइपला, दुसरं सोळाच्या मायनसला: बीप. सातच्या मायनसला: बीप. बाकी बावीस गप्प. दोन्ही कळशा उतरवल्या. वायर तोंडातून आत जाते तिथे पितळी काठाने इन्सुलेशन कापून तांबं उघडं पडलं होतं, आणि तो कापही असा की वायर सरळ केली तर दिसतच नव्हता. कळशी स्टीलच्या तारेने पाइपला टांगलेली, त्यामुळे दोन्ही मायनस पाइपमधून एक झाल्या होत्या. यूएलएन मायनस बाजू चालू-बंद करतो. एक चालू झाली की दोघींना वाट मिळते.

हे नशीब म्हणायचं. दोन मायनस भेटल्या म्हणून जुळे दिवे पेटले. एका कळशीत प्लस घासला असता आणि दुसरीत मायनस, तर १२ व्होल्ट सरळ चिपमध्ये आणि चिप गेलीच. आणि डिमर पॅक असता तर... कळशांना हात लावणारी मंडळी दुसऱ्या दिवशी येणारच होती.

उपाय साधा: सहा मिलिमीटरची पारदर्शक पीव्हीसी नळी, काठावर चार-चार इंचांचा तुकडा, आतल्या बाजूला झिप टाय, म्हणजे वायर ओढली गेली तरी काठावर घासत नाही. चोवीसही कळशांना, फक्त दोघींना नाही. १२ व्होल्टच्या लायनीत ३ अँपिअरचा फ्यूज टाकला. वाड्याच्या सॉकेटला अर्थ आहे का ते फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून पाहिलं. पहिल्या सॉकेटला नव्हता, दुसऱ्याला होता. तिथून ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, म्हणजे वीज गळाली की लगेच लाईन तोडणाऱ्या स्विचमधून, लाईन घेतली.

मग पोरांना मेन दहा वेळा बंद-चालू करायला लावला. दहाही वेळा पहिल्या कळशीपासून लाट उठली. वॉचमनकाकांसाठी डब्यावर चिठ्ठी चिकटवली: "रात्री आठला हा स्विच बंद, सकाळी दहाला चालू. बाकी कशाला हात लावू नये." काकांनी ती वाचली आणि विचारलं, "मग बटणं कुठायत?"