तुम्ही विचारलंत म्हणून : सुरी धारवाल्याला का देत नाही?

"धारवाला दारात येतोय, दहा मिनिटांत काम होतंय, मग तुम्ही दगड घेऊन का बसता ओ?" गल्लीतल्या बायका विचारतात, पाहुणेही विचारतात.

सासूबाईंची एक लोखंडी सुरी होती. रविवारी मटणाचा सगळा कांदा तिनंच चिरला जायचा. लिंबू कापून तशीच ठेवली की काळे डाग पडायचे, पण टोमॅटोवर नुसती टेकवली तरी साल सुटायची. सासूबाई गेल्यावर ती मी चाकावर धार लावायला दिली. ठिणग्या उडाल्या, पातं चकाकलं. आठवड्यात बोथट. पुन्हा दिली, पुन्हा तेच. शेवटी उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर टर्नर म्हणून आयुष्य काढलेल्या मामांना दाखवली. त्यांनी पातं उजेडात धरून कडेचा निळसर पट्टा दाखवला. "पाणी उतरलंय की गं हिचं."

पोलाद लालभडक तापवून विझवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. पात्याचा कडकपणा तिथून येतो. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते, ३०० अंशांच्या आसपास निळी पडते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. मग तो भाग निघेपर्यंत कितीही घासा, धार टिकत नाही. तो निळा भाग मामांनी दगडावर घासून काढला, त्यात पात्याचं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग गेला. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. चाकावर पाणी सोडणारा, हलक्या हाताचा माणूस भेटला तर विळी मी देईनही. ही सुरी नाही.

दगडाचं काम सोपं नाही, हेही सांगते. माझ्या दगडाची एक बाजू ४०० नंबरची, म्हणजे खरबरीत, दुसरी १०००ची, म्हणजे बारीक. कोन १५ अंशांचा धरायचा, म्हणजे चार सेंटीमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण एक सेंटीमीटर वर. वाचायला सोपं आहे, पण टोकाकडे वळताना मनगट हलतं आणि आधीची वीस मिनिटं पाण्यात जातात. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर बोटाला लागते. ती पात्याच्या मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मी पहिले कित्येक महिने घाई करून आधीच बदलायचे. शिवाय दगड मधे खोलगट होतो, तो वेगळा सपाट करत बसावं लागतं.

एवढं करून घरातलं कुणीतरी स्टीलच्या ताटलीत लिंबू कापतं, नाहीतर थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर काकडी. एका दुपारीत कड मुडपते. तिथं मात्र माझा आवाज चढतो. लाकडी पाट हाताशीच असतो, तो घ्यायला काय जातं? भांड्यांच्या ढिगात सुरी टाकणं तर त्याहून वाईट. धार जाते ती जाते, घासणाऱ्या बाईंचा हात कापतो.

आणि विळीवर वाढलेल्या आपल्या हातांना एक खोड आहे. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. त्याच सवयीनं आपण बटाटा हातात धरून सुरी अंगठ्याकडे ओढतो. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती सालीवरून घसरते आणि अंगठ्यात शिरते. सुनेच्या अंगठ्याला दोन टाके पडले ते अशाच सुरीनं, धार लावायची मी पुढच्या रविवारवर ढकलली होती तेव्हा. त्यानंतर एकही रविवार चुकवलेला नाही. आता ती शेजारी बसते, पाठ किती उचलली ते बघते आणि हात हलला की सांगते.