अलामोगोर्डो: अटारीचे पुरलेले खेळ बघायला जाताना

अटारी या अमेरिकन व्हिडिओ गेम कंपनीने ‘ई.टी.’ या खेळाच्या न खपलेल्या कॅसेटी वाळवंटात खड्डा करून पुरल्या, अशी दंतकथा आहे. (‘ई.टी.’ म्हणजे त्याच नावाच्या परग्रहवासीयाच्या सिनेमावरचा खेळ, सगळ्यात वाईट म्हणून बदनाम.) तो खड्डा बघायला म्हणून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला निघाला असाल, तर बेत आत्ताच बदला. २६ एप्रिल २०१४ रोजी, ऐन धुळीच्या वादळात, जिथे खोदकाम झालं तो जुना कचराडेपो परत बुजवलेला आहे. माल सुमारे ३० फूट खाली होता आणि तो नगरपालिकेच्या मालकीचा. फावडं नेऊन उपयोग नाही. बघायच्या त्या वर आलेल्या कॅसेटी.

विमानाने एल पासो गाठा आणि गाडी भाड्याने घ्या. यूएस ५४ महामार्गाने उत्तरेला साधारण १४० किलोमीटर, दीड तास. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीचा नको झालेला मालही एल पासोहूनच ट्रक भरभरून इथे आला होता. यूएस ५४ आणि यूएस ७० दोन्हींवर सीमा गस्तीदलाचे तपासणी नाके आहेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद, किंवा ग्रीन कार्ड, हॉटेलवर न ठेवता जवळच बाळगावं.

गावाच्या वरच्या अंगाला अंतराळ इतिहास संग्रहालयाची घनाकार इमारत लांबूनच दिसते. उत्खननातल्या काही कॅसेटी या संग्रहालयाला मिळाल्या. मांडणी बदलत असते, म्हणून आधी फोन करून विचारा. (दारासमोर हॅमची समाधी आहे, अंतराळात जाऊन आलेला चिंपांझी. दोन मिनिटं थांबावं अशी जागा.)

कॅसेट बघताना घाई करू नका. खोकी चेपलेली, लेबलं विटलेली, तरी नाव वाचता येतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेची ती कृपा. नावं मात्र एकट्या ‘ई.टी.’ची नाहीत. ‘सेंटिपीड’, ‘मिसाइल कमांड’, ‘डिफेंडर’ असे चांगले खपलेले खेळही त्याच ढिगात निघाले. दंतकथा इथेच चुकली. पुरल्याचं खरं होतं, पण पुरलं होतं ते गोदामातलं शिल्लक आणि परत आलेलं सगळंच. अटारीच्या तेव्हाच्या एका व्यवस्थापकाच्या हिशेबाने ७,२८,००० कॅसेटी गाडल्या. वर काढल्या जेमतेम १,३००. बाकीच्या अजून खालीच आहेत.

‘ई.टी.’ला सगळ्यात वाईट खेळ म्हणणं अन्यायाचं आहे. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी तो पाचेक आठवड्यांत एकट्याने लिहिला. त्यातली खरी अडचण खड्ड्यांची. ई.टी.चं चित्र खड्ड्याच्या चित्राला कुठेही, अगदी डोक्यानेसुद्धा, शिवलं की तो आत पडतो. पाय बाहेर दिसतात, म्हणून खेळणाऱ्याला वाटतं आपण वाचलो. जायच्या आधी एकदा खेळून बघा. खड्ड्याच्या कडेपासून शरीरभर अंतर ठेवलंत तर निम्मा वैताग जातो.

पुरलेली कॅसेट विकत घ्यायची असेल तर जपून. उत्खननातल्या ८८१ वस्तू नगरपालिकेने ऑनलाइन लिलावात काढल्या, त्यांच्यासोबत क्रमांकाची चिठ्ठी आणि प्रमाणपत्र होतं. हे दोन्ही नसलेली मळकट कॅसेट म्हणजे नुसती मळकट कॅसेट. न पुरलेली ‘ई.टी.’ स्वस्तात मिळते, कारण ती मुळातच लाखोंनी बनली होती.

उरलेला दिवस व्हाइट सँड्स या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानाला द्या, यूएस ७० ने नैर्ऋत्येला सुमारे २४ किलोमीटर. क्षेपणास्त्र चाचणी असली की हा रस्ता तासभर किंवा जास्तही बंद ठेवतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. पाणी माहिती केंद्रातच भरून घ्या. पुढे टेकड्यांत नळ नाही. मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटतो, त्या दिवसांत गॉगल आणि तोंडाला रुमाल हवाच.